काठच्या दोन ओळी

लातूर,
२४ ऑगस्ट

तीर्थरूप मामांस,

रेणुकाचा नमस्कार. मी नीट पोचले, मामीला सांगा. उदगीरला गाडी बदलावी लागली, पण पुढं बसायला जागा मिळाली. तिनं बांधून दिलेल्या दशम्या आज सकाळपर्यंत पुरल्या.

तुमचा फोन बंद आहे. मामीच्या फोनवर केला तर ती म्हणते, "ते कुणाशीच बोलंनात, भिंतीकडं तोंड करून पडलेत." म्हणून लिहिते आहे. वसतिगृहात असताना तुम्हाला लिहायची तसंच समजा.

शेवऱ्याबद्दल काय लिहावं कळत नाही. त्याला देवणीच्या बैलांच्या प्रदर्शनाला नेलं होतं आणि नंबर आला नाही, तेव्हा तुम्ही परीक्षकांनाच म्हणालात, "साहेब, घाईत बघितलं तुम्ही, निवांत बघा एकदा." सगळे हसले, तुम्ही मात्र खरंच थांबून राहिलात. तो गेल्याचं मामीनं कळवलं, तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवलं.

इकडं ढग रोज येतात आणि रोज जातात. पावसाचा खंड पडून आता तीन आठवडे होतील. आमच्या केंद्रावरचं सोयाबीनही माना टाकून आहे.

मामा, काही गोष्टी विचारायच्या आहेत. राग मानू नका. त्या दिवशी शेवऱ्या दावणीलाच होता ना, की चरायला सोडला होता? सकाळी त्याच्यापुढं काय टाकलं होतं? खाल्ल्यावर किती वेळानं त्याला धाप लागली? तोंडाला फेस होता, हे मामीनं सांगितलं. नाकातून रक्त आलं ते लालभडक होतं की काळपट? डॉक्टरांना विचारलं असतं, पण ते म्हणाले, मी पोचेपर्यंत जीव गेलेला होता. 'विषबाधा दिसते,' एवढंच ते बोलले.

तुमच्याकडं आले त्या दुपारी मी एकटीच रानात जाऊन आले. तुम्ही पडून होता, म्हणून सांगितलं नाही. धुऱ्याच्या बांधापर्यंत सगळं रान पिवळं पडलेलं आणि मधे माझ्या प्रयोगाच्या ज्वारीचा तुकडा तेवढा हिरवागार, मांडीइतका उंच. एरवी मी तिथं उभी राहून फोटो काढले असते.

आमच्या प्रयोगात काठच्या ओळी मोजणीत धरत नाहीत. त्या नुसत्या राखणीला असतात. त्यामुळं तिथलं कुणी काही कापलं असेल तर माझं काहीही बिघडलेलं नाही. कुणी मला तसं सांगितलं तर मी रागावणार नाही. एवढं लक्षात ठेवा.

आणि एक. त्या तुकड्यातलं एक पानही कुठल्या जनावराला घालू नका. दुसऱ्या बैलाला नाही, गाईला नाही, कुणी मागायला आलं तर त्यालाही नाही. प्रयोगाचा नियम आहे, असं समजा.

तुम्ही ठाण्यात अर्ज दिल्याचं मामी म्हणाली. धुऱ्याशेजारच्या आनंदराजकाकांचं नाव दिलंत, असंही म्हणाली. मामा, पुढचं काही करायच्या आधी थोडे दिवस थांबाल का? मी कारण लिहीन. आत्ता मलाच नक्की माहीत नाही.

जेवत जा. मामी तुमच्याशिवाय जेवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

तुमची भाची,
रेणुका


लातूर,
३० ऑगस्ट

तीर्थरूप मामांस,

नमस्कार. तुमचं उत्तर आलं नाही. मीही आता खुशाली विचारत बसत नाही.

मागच्या पत्रात नियमाचं कारण लिहिलं ते खरं नव्हतं. त्या दुपारी मी तुकड्यातली पानं तोडून बर्फात घालून इकडं आणली होती. प्रयोगशाळेचं उत्तर काल मिळालं. मामा, शेवऱ्याला कुणी विष घातलेलं नाही. त्याला किराळ लागली. माझ्या ज्वारीची लागली.

तुम्ही म्हणाल, किराळ मला शिकवू नको. खरं आहे, ती तुम्हीच मला शिकवली. पावसानं ओढ दिली आणि कोवळ्या ज्वारीचा पोंगा मलूल झाला की तिच्यात विष उतरतं, त्या रानात जनावर जाऊ द्यायचं नाही. मी सातवीत होते, आणि तुम्ही मला गाईच्या मागं पळवलं होतं. गावात लहान लेकराला हे माहीत आहे. पण खूण कसली, तर पान मलूल होण्याची. माझी ज्वारी मलूल होतच नाही.

नऊ वर्षं मी हेच केलं. दर वर्षी पाणी तोडायचं, उन्हात उभं ठेवायचं, जी झाडं माना टाकतील ती काढून टाकायची आणि हिरवी राहतील त्यांचंच बी धरायचं. त्यांचा संकर पुन्हा तसल्याच काटक झाडांशी. चारा म्हणून तपासणीही झाली होती, पण ती कापणीच्या वेळची. तेव्हा तिच्यात विष उरत नाही. पाण्याच्या एवढ्या ताणातली कोवळी पानं कुणी तपासली नाहीत. आता तपासली, तर आकडा आपल्या गावरान ज्वारीच्या कितीतरी वर आहे.

म्हणजे तुमची नजर चुकली नाही. जी खूण बघून तुम्ही जन्मभर जनावरं राखली, ती खूणच मी त्या झाडातून काढून टाकली होती. तुम्ही हिरवं पान बघितलं आणि हिरवं समजलात.

काठच्या दोन ओळी विळ्यानं कापलेल्या होत्या, मामा. तोंड लावलेल्या नव्हत्या. एकसारख्या, बुडातून, पेंढी बांधायला कापतात तशा. मी त्याच दिवशी बघितलं. दावणीत कडब्याखाली ज्वारीचं एक हिरवं ताटही पडलेलं होतं, ते उचलून मी पिशवीत घातलं. तुम्हाला विचारायचं धाडस झालं नाही. घरात वैरण संपत आलेली, बाजारात कडब्याला हात लावायची सोय नाही आणि हा दावणीला उभा राहून तुमच्याकडं बघतोय. मी असते तर मीही कापून घातलं असतं.

आता आनंदराजकाकांचं. त्यांनी तांब्यातून काहीतरी पाजलं, असं तुम्ही अर्जात लिहिलंत. ते गुळाचं पाणी होतं. बैल पडलेला दिसला म्हणून ते धुरा ओलांडून आले, घरून गूळ मागवला, डॉक्टरांना फोनही त्यांनीच लावला. मामीनं डोळ्यांनी बघितलं आहे. त्यांना ठाण्यात बोलावलं, संध्याकाळपर्यंत तिथं बसून होते. तेव्हापासून गावातल्या दूध संकलनाला त्यांचं दूध घेत नाहीत. त्यांच्या वस्तीतल्या, बुद्धविहाराजवळच्या पोरांनी ते दूध रोज लोकांच्या दारात फुकट वाटून बघितलं, कुणी घेतलं नाही. त्यांच्या घरात दोन म्हशी आहेत आणि त्या दुधावरच घर आहे, हे मी तुम्हाला काय सांगायचं. तुमचे धुरे लागून आहेत.

केंद्रावरच्या सरांना मी अहवाल दाखवला. ते म्हणाले, "रेणुका, कोवळी ज्वारी कुठलीही असो, विष असतंच. शिफारशीत एक ओळ घालू, कणीस निसवण्याआधी चारू नये. ऑक्टोबरात वाण समितीपुढं जायचंय. एका बैलासाठी नऊ वर्षं मागं जाणार का?" ते चुकीचं बोलत नाहीत. दुष्काळात हे वाण किती घरांना धान्य देईल, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. पण ती एक ओळ पिशवीच्या मागं बारीक अक्षरात छापली जाईल. आणि ज्याच्या दावणीला उपाशी जनावर आहे, तो पिशवी बघणार नाही, रान बघेल. रान हिरवं असेल.

सोमवारी मी गावात येऊन हा अहवाल ठाण्यात देणार आहे. त्याआधी तुम्ही स्वतः जा. 'मला संशय आला होता, तो चुकीचा निघाला' एवढं म्हणालात तरी पुरे. ओळी कुणी कापल्या, हे मग कुणी विचारणार नाही. मी तर नाहीच.

मी तुमच्याकडं कधी काही मागितलं नाही. हे मागते.

रेणुका


लातूर,
६ सप्टेंबर

तीर्थरूप मामांस,

हे पत्र आरतीताईच्या पत्त्यावर उदगीरला पाठवते आहे. तुम्ही रविवारीच लेकीकडं निघून गेलात, हे सोमवारी दारात पाय ठेवल्यावर कळलं. दुसरं पत्र तुमच्या उशाखाली होतं. मामीनं दाखवलं. म्हणजे वाचलंत.

मी ठाण्यात एकटीच जाणार होते. मामीनं चप्पल घातली आणि नुसतं म्हणाली, "चल."  

तिथल्या साहेबांनी अहवाल वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, "बैल दावणीला होता म्हणता. मग ज्वारी त्याच्यापर्यंत गेली कशी?"

मी म्हणाले, "कापून घातली असणार."

"कुणी?"

मामा, मी या प्रश्नाची तयारी करून गेले होते. खरं सांगायचं, असंच ठरलं होतं. पण समोर टेबलावर काचेखाली कसलंसं कॅलेंडर होतं, त्याच्याकडं बघत राहिले. आता 'मला माहीत नाही' म्हणणार, असं मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं.

पुढं काय झालं ते मी तुम्हाला लिहिणार नव्हते. मीच नाव सांगितलं असं समजून माझ्यावर राग धरून बसलात तर बसा, असं ठरवलं होतं. भाचीवरचा राग कधीतरी उतरेल. पण निघताना मामीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "लिव त्यास्नी. मीच सांगितलं म्हणून लिव. तू काई अंगावर घेऊ नको." म्हणून लिहिते.

ती पदर नीट करून पुढं झाली आणि म्हणाली, "साहेब, माझ्या मालकानं कापली. लाडानं कापली. बैल लेकरावाणी व्हता त्यांचा. ह्यात गुन्हा काय हाय ते लिवा. पर त्या माणसाला मोकळं करा."

साहेबांनी तिचा जबाब घेतला. अर्ज निकाली निघेल, म्हणाले. तुम्ही आल्यावर तुमची सही लागेल.

तिथून मी आनंदराजकाकांकडं गेले. त्यांनी खुर्ची दिली, चहा झाला. कागदाची प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचून घडी घातली आणि मलाच परत दिली. "रेणुका, कागद चांगला हाय तुझा. लई मेहनत घेतलीस. पर माझी इज्जत ठाण्यात न्हाई गेली. पारावर गेली. तुझ्या मामानं पारावर उभं राहून चार माणसांत माझं नाव घेतलं. आता काय बोलायचं ते त्यांनी तिथंच बोलावं. कागद तिथं चालत न्हाई."

मी म्हणाले, मी येऊन सांगते पारावर. ते म्हणाले, "तू कशाला? तू न्हाई घेतलंस माझं नाव."

त्यानंतर मी रानात गेले आणि बाभळीच्या फांद्या ओढून तुकड्याभोवती काटा लावला. निसवेपर्यंत तिथं जनावर जाता कामा नये. काका त्यांच्या धुऱ्यावर उभे होते. बघत राहिले, आले नाहीत. मीही हाक मारली नाही.

समितीकडचा प्रस्ताव मी काल मागं घेतला.  आज सकाळी सरांनी येऊन विचारलं, "मग आता पुढं काय?" पुढं हेच, की कमी विषाच्या जुन्या गावरान ज्वाऱ्यांशी हिचा संकर करायचा आणि प्रत्येक पिढीत ताण देऊन कोवळी पानं तपासायची. हिरवी राहते एवढ्यावर कुठलंच झाड ठेवायचं नाही. जमेल की नाही, माहीत नाही. कदाचित तिचा काटकपणा आणि तिचं विष एकातच गुंतलेलं असेल, दोन्ही वेगळं होणारच नाही. मला भीती वाटते ती त्याची. नऊ वर्षं गेली त्याची एवढी नाही.

मामा, घरी या. पोळा आला आहे. दावणीला दुसरा एकटाच उभा आहे आणि मामी त्याला वैरण टाकताना त्याच्याशी तुमच्याबद्दल बोलत असते. मी ऐकलं आहे.

रागावलेले असा, पण घरी असा.

रेणुका


देवणीजवळून, आपल्या गावाहून
१७ सप्टेंबर

चि. रेणुका हिस ग्यानोबाचे आशीर्वाद.

लिवायची सवय मोडली हाय. अक्षर लावून वाच.

पोळ्याच्या आदल्या दिशी उदगीरहून आलो. तुझ्या मामीनं ताट वाढलं. म्या जेवलो. मग ती जेवली. एवढंच.

पोळ्याला बैल मिरवला न्हाई. धुतला, नैवेद्य दावला. सांजच्याला पारावर गेलो. माणसं बसलेली व्हती, आनंदराजला निरोप धाडून बोलावून घेतलं. तो आला, उभाच ऱ्हायला. म्या बी उभं ऱ्हाऊन सांगितलं, शेवऱ्याला म्याच माझ्या हातानं कापून चारलं. आनंदराजनं गुळाचं पानी पाजलं. त्यानं दुसरं काई पाजलं न्हाई. म्या खोटं बोललो.

 मग वरच्या आळीचे व्यंकटराव म्हणले, "जाऊ द्या आता. झालं ते झालं." तवा आनंदराज म्हणला, "जाऊ द्यायचं का न्हाई, ते मी ठरवीन." आन् घरी गेला.

दुसऱ्या दिशी मी सकाळी त्याच्या दारात गेलो. म्हणलं, किटली दे, दूध मी घेऊन जातो संकलनाला, बघू कोण न्हाई म्हणतंय. त्यानं किटली दिली न्हाई. सोता घेऊन गेला. मी मागं मागं चाललो. दूध घेतलं त्यांनी. सहीचं बी काम झालं ठाण्यात.

आता तुला सांगायचं ते सांगतो. तू लिवलंस की माझी नजर चुकली न्हाई. हिरवं बघून हिरवं समजलो म्हणून. तसं न्हाई रेणुका. कापताना मला शंका आली व्हती. एवढा खंड पडलाय, आन् हिला काईच कसं व्हईना. पान चोळून वास घेतला. मग मनाला म्हणलं, ही रेणुकाची जवारी हाय, शिकल्या-सवरल्या पोरीची. हिला काय व्हतंय.

शेवऱ्यानं पाय खोडले तवाच मला कळलं, ही किराळ हाय. डॉक्टर यायच्या आधी. मग डॉक्टर विषबाधा म्हणला, तशी जमलेली माणसं तुझ्या तुकड्याकडं बघाया लागली. सगळं रान वाळलेलं आन् तेवढंच हिरवं. मला वाटलं, आता पोरीचं नाव जातंय. नऊ वर्सं तिनं ऊन खाल्लं. आन् समोर आनंदराज तांब्या घेऊन उभा. त्याचं नाव माझ्या तोंडातनं निघालं. पारावर जाऊन बी तेच बोललो. मग ते मागं घेता येईना. तुझी पत्रं आली, तुला समदं कळलंय हे बी मला कळलं, तरी येईना. म्हणून उदगीरला पळालो.

हे तुझ्यासाठी केलं, असं म्या मनाला सांगत व्हतो. काल आनंदराजला बी तेच सांगाया गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. आमचं ल्हानपणापासून अरे-तुरे. एका धुऱ्यावर भाकरी खाल्लेली. आता तो मला तुम्ही म्हणतो. म्हणला, "पोरीसाठी खोटं बोललात, ते समजलं. मला बी पोरगी हाय. पर त्या दिशी तिथं व्यंकटराव बी उभे व्हते. तुमच्या वरच्या आळीचे दुसरे बी धा जण व्हते. मग तुमच्या तोंडात माझंच नाव का आलं?"

 तो बसून ऱ्हायला, मी बसून ऱ्हायलो. मग त्याला धारा काढायच्या व्हत्या, तो उठला.

रानाचं म्हणशील तर पाऊस झालाय. तुझा तुकडा उभा हाय, काट्यात कुणी जात न्हाई. नवी जवारी लावायची आसंल तर रान तुझंच हाय. पर लावायच्या आधी आनंदराजच्या दारात जाऊन सांगून ये, तिच्यात काय हाय अन् काय न्हाई. त्याच्या म्हशी धुऱ्यालाच चरत्यात.

त्यानं इचारलं त्याचा जबाब मी रोज शोधतो. सापडत न्हाई असं न्हाई. सापडलाय. त्याच्या म्होरं बसून बोलायचा ऱ्हायलाय.

तुझा मामा,
ग्यानोबा